शेजारच्या मुलीचे आठ फोटो

माझा पहिला कॅमेरा डोळ्याला लावायचा नव्हता. काळा, चौकोनी, बिस्किटाच्या लहान डब्याएवढा. तो पोटाशी धरायचा आणि वरच्या इवल्याशा काचेत मान खाली घालून बघायचं. त्यामुळे समोरच्याला वाटायचं, हा माणूस कसला तरी डबा उघडायच्या खटपटीत आहे. फोटो निघून गेला हे त्याच्या गावीही नसायचं. मला नेमकं तेच हवं होतं. स्टुडिओतले फोटो मला मनापासून नावडायचे. मागे रंगवलेलं तळं, शेजारी तिवई, तिवईवर हात, आणि चेहरा असा की कुणाच्या तेराव्याला आलाय. माणूस एकटा असताना, आपल्याच नादात असताना कसा दिसतो, याची मला भारी उत्सुकता. तो कॅमेरा मी पिंपरीच्या कॅम्पातल्या एका निर्वासित दुकानदाराकडून घेतला होता. तो म्हणाला, चालतो. मी म्हटलं, बघू. आणि खरंच चालत होता.

पिंपरीतला औषधांचा कारखाना तेव्हा नवा होता. पेनिसिलिन तिथे तयार व्हायचं आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत होतो. वय चोवीस, लग्न झालेलं नाही, आणि डोक्यात हवा अशी की विज्ञान म्हणजे आपल्याच घरचं कार्य. मी पुण्याचा. रोज पुण्याहून जा-ये करायचा कंटाळा आला म्हणून गावाच्या कडेला खोली घेतली. पत्र्याच्या सहा खोल्यांची ओळ, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला आड. घरमालकीण म्हातारी पहिल्या खोलीत, मी पाचव्या, आणि सहाव्या खोलीत चाकणच्याही पलीकडून, खेड तालुक्यातून आलेलं एक जोडपं. नवरा कारखान्याच्या वसाहतीवर गवंडी. बायको घरी. आणि त्यांची मुलगी.

मुलगी साडेचार वर्षांची. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची, कमरेपर्यंत दोन वेण्या, नाकात चमकी, आणि अंगात कायम ठिगळाठिगळांचा परकर. बापाला रोजचं काम होतं, घरात दोन वेळची चूल व्यवस्थित पेटत होती, मग पोरीला धड कपडा का नसावा, हे मला कळेना. दुसरं म्हणजे तिला कुणी म्हणजे कुणीच छान म्हणत नसे. म्हातारी घरमालकीण तर ती दिसली की म्हणायची, "आली का काळी, घाणेरडी." काळी? ती पोर दुधासारखी. हाक मारायचं नावही उकिरड्यावर टाकायच्या वस्तूचं. ते इथे लिहीत नाही. आणि आई? आई तिच्याकडे धड बघतसुद्धा नसे. वेणी घालतानाही तिची नजर भिंतीवर.

मी काय समजायचं ते समजलो. मुलगी झाली म्हणून हिडीसफिडीस चाललीय. त्या घरावर मी मनातल्या मनात रागच धरला. चोविसाव्या वर्षी राग धरायला फार कारण लागत नाही, आणि मला तर आजही लागत नाही.

मग मी ठरवलं की या पोरीचे फोटो काढायचे. कुणी बघत नाही ना, आपण बघू. सकाळची शिफ्ट संपवून मी दुपारी खोलीवर यायचो तेव्हा अंगणात लखलखीत ऊन असायचं. त्या कॅमेऱ्याला ऊन भरपूर लागायचं, आणि माणूस सात-आठ फुटांच्या आत आला की सगळं धूसर. म्हणजे लांबून, उन्हात आणि गुपचूप. मी पायरीवर बसायचो, डबा मांडीवर, मान खाली. पण पहिल्याच दिवशी आई बाहेर आली.

"भाऊ, तिचा फोटू नगा काढू."

"का हो वहिनी?"

"आयुष्य कमी हुतं म्हन्त्यात."

मी तिला अर्धा तास प्रकाश म्हणजे काय, भिंग म्हणजे काय, फिल्मवर चांदीचा क्षार कसा असतो हे समजावलं. आता आठवलं की लाज वाटते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "व्हय का" म्हणाली, आणि पोरीला दंडाला धरून आत घेऊन गेली.

मी हट्टाला पेटलो. पुढचा महिनाभर आई नदीवर धुणं घेऊन गेली की मी कॅमेरा काढायचो. चोरूनच म्हणायचं ते. पोरीला काही कळायचं नाही, तिला मी म्हणजे डब्याशी खेळणारा एक मोठा माणूस. ती आपल्या उद्योगात. मेलेल्या भुंग्याला पानावर निजवून त्याला झोके देणं, आपल्याच वेणीचं टोक तोंडात धरून विचार करणं. किती विचार करायची ती, आणि कसला, हे मला अजूनही जाणून घ्यावंसं वाटतं. एका रोलवर आठच फोटो निघायचे, त्यामुळे एकेक फोटो मी जपून घेतला.

रोल संपला त्या दिवशी दुपारी खिडकीवर घोंगडी टांगली, कंदिलाला लाल कागद गुंडाळला, जेवायच्या दोन थाळ्यांत रसायनं ओतली आणि दार लावून बसलो. प्रयोगशाळेत असल्यामुळे रसायनांची भीती नव्हती, बाकी सगळं मी पुस्तकात वाचून शिकलो होतो. निगेटिव्ह धुऊन वाळवली आणि कागदावर ठेवून छापायला घेतली. कागद पाण्यात हलतो, हलतो, आणि मग कोऱ्यातून हळूहळू डोळे वर येतात. ती गंमत कितीही वेळा बघितली तरी माझी हौस फिटली नाही.

पहिला फोटो झकास आला. ती रॉकेलच्या उपड्या डब्यावर बसलीय, हनुवटी गुडघ्यावर, ऊन तोंडावर. बघता बघता लक्षात आलं की चमकी उजव्या नाकपुडीत आहे. आपल्याकडे बायका डावी नाकपुडी टोचतात. म्हटलं, गाढवा, निगेटिव्ह उलटी ठेवलीस. उलटी करून पुन्हा छापली. आता चमकी डावीकडे आली, पण डब्यावरची अक्षरं उलटी. म्हणजे आधीचाच फोटो बरोबर होता. नाक खरंच उजवीकडे टोचलेलं होतं. दोन महिने ती पोर रोज माझ्यासमोर होती आणि मला ते दिसलं नव्हतं. मी चक्रावलो. दुसरा फोटो छापला, तिसरा छापला, सगळीकडे चमकी उजवीकडेच.

आठवा फोटो मी घाईत घेतला होता. पोर अंगणाच्या पलीकडच्या भिंतीशी उभी होती, पाठ अर्धवट माझ्याकडे, एवढंच मला त्या काचेत दिसलं होतं. छापला तेव्हा कळलं की ती तिथे काय करत होती. परकर दोन्ही हातांनी वर धरून, पाय फाकून, भिंतीवर धार धरली होती. उभ्याने. आणि त्यात शंकेला जागा राहिली नव्हती. तो मुलगा होता.

आता शहाण्या माणसाने काय करावं? दार लावून गप्प बसावं. मी काय केलं? तो ओला फोटो दोन बोटांत धरला आणि बाहेर धाव घेतली. आडावर त्या वेळी ओळीतल्या सगळ्या बायका पाण्याला होत्या, म्हातारी घरमालकीण होती, ती आई पोहरा ओढत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अहो, ही पोरगी नाही, हा मुलगा आहे. हे बघा, हा मुलगा आहे."

मला वाटलं होतं, सगळे थक्क होतील. कुणीही थक्क झालं नाही. आईच्या हातून दोर सुटला आणि पोहरा खाली जाऊन पाण्यावर आपटला, तेवढाच आवाज. म्हाताऱ्या मालकिणीने तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि चढ्या आवाजात, आभाळाला सांगितल्यासारखं म्हणाली, "कुनाचा मुलगा? पोरगीच हाय ती, काळी, घाणेरडी. ह्याला ऊन बाधलंय." बाकीच्या बायकांनी घाईघाईने मान डोलावली आणि आपापल्या घागरी उचलल्या. मी हातात फोटो घेऊन तसाच उभा.

संध्याकाळी बाप आला. हातापायाला चुन्याचे डाग तसेच. दारातच उकिडवा बसला आणि म्हणाला, "राव, तुमाला ठावं नव्हतं, आमचंच चुकलं. सांगाया पायजे हुतं."

मग त्याने सांगितलं. या आधी त्यांना तीन मुलगे झाले. एकही वर्षाचा झाला नाही. चौथा झाला तेव्हा त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचलला, आणि तिच्याकडून सूपभर कोंडा देऊन परत घेतला. म्हणजे तो आता आपला नाही, नको असलेला, कोंड्याच्या मोलाचा. नाक टोचलं, ठिगळांचा परकर नेसवला, वाईट नाव ठेवलं. गावच्या देवीला नवस बोलले की पाच वर्षं याला मुलगी म्हणून वाढवू, पाच पुरी झाली की केस तुला. तोवर त्याला कुणी मुलगा म्हणायचं नाही, चांगला म्हणायचं नाही, आणि आईने त्याच्याकडे डोळे भरून बघायचं नाही.

"पण उजवीकडे का टोचलं?" मी विचारलं. माझी ती खोड जात नाही.

"डावीकडं टोचलं आस्तं तर ती खरीच पोरगी झाली आस्ती न्हवं? सटवीला फसवायचं हाय, देवीला न्हाई. देवीला कळाया पायजे."

सहा खोल्यांतली सगळी माणसं मिळून एक मुलगा लपवत होती. ज्यांना मी निर्दय समजलो होतो ती रोज आठवणीने त्या पोराला घाणेरडी म्हणत होती, त्याच्या जिवासाठी. आणि ती आई साडेचार वर्षं आपल्या लेकराकडे न बघता त्याच्या वेण्या घालत होती.

"तर ते फोटू तेवडे द्या," बाप म्हणाला.

इथे मी नीचपणा केला. ते माझ्या हातून निघालेले सगळ्यात चांगले फोटो होते. पुन्हा तसे निघतील याची मला खात्री नव्हती, आणि झालंही तसंच, पुढे जन्मात निघाले नाहीत. मी म्हटलं, "बघू उद्या." शिवाय चार उपदेशाचे शब्द ऐकवले, की हे सगळं अज्ञान आहे, मुलं रोगाने जातात, नजरेने नाही. तो ऐकून घेऊन उठला. वाद घालायची त्याची रीत नव्हती.

तिसऱ्या दिवशी पोराला ताप भरला.

ऑक्टोबरची उन्हं सरून हवा बदलायचे दिवस होते, सगळीकडे तापाची साथ होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. चौथ्या दिवशी छाती भरली. पत्र्याच्या भिंतीपलीकडून त्याचा श्वास मला इकडे ऐकू यायचा. पाचव्या दिवशी मी शिफ्टवरून आलो तर आई माझ्या दारात उभी. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, द्या आता."

"वहिनी, त्याला इंजेक्शन लागेल. मी डॉक्टर आणतो."

"डाक्टरबी आना. फोटूबी जाळा. दोनी करा."

मी सगळे फोटो आणले, उलटा छापलेला तोही, आणि निगेटिव्ह. तिच्या चुलीसमोर बसलो. मी एकेक आत टाकत होतो आणि ती तोंड फिरवून बसली होती. म्हटलं, "एकदा बघा तरी." ती म्हणाली, "नगं. आईचीच नजर आदी लागती." निगेटिव्ह आगीत आक्रसली, तिचा घाण वास खोलीभर झाला. कोपऱ्यात पोर वाकळेत पडलं होतं, डोळे अर्धे उघडे. एक ठेवावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. बाहीत सरकवायला वेळ लागला नसता. पण त्याचा श्वास ऐकला आणि सगळे टाकले.

मग सायकल काढली आणि चिंचवडहून डॉक्टर घेऊन आलो. त्यांनी बॅगेतून पेनिसिलिनची कुपी काढली. तसल्या औषधात मी दिवसभर असायचो, पण ते कुणाच्या अंगात जाताना मी पहिल्यांदाच बघत होतो. इंजेक्शनं पाच-सहा दिवस चालली. त्या दिवसांत मी शिफ्टला निघताना त्यांच्या दाराशी थांबायचो, खोकला ऐकायचो, आणि मनात म्हणायचो, सगळे जाळलेत, एकही ठेवला नाही. कुणाला सांगत होतो कोण जाणे. मला भीती वाटत होती. माझं विज्ञान मी दोन मिनिटांत गुंडाळून ठेवलं होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, फक्त ते पोर जगावं.

पोर जगलं. औषधाने की जाळल्याने, यावर त्या घराशी मी कधी वाद घातला नाही. उलट त्यांच्यात सामील झालो. पोर अंगणात दिसलं की मीही म्हणायचो, "आली का घाणेरडी." पहिल्यांदा जीभ अडखळली, मग सराव झाला. म्हातारी घरमालकीण माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवायची.

पाच वर्षं पुरी झाली तेव्हा ती सगळी गावाकडे गेली आणि आठवड्याने परतली. पोराचं डोकं तुळतुळीत, अंगात नवा सदरा, अर्धी चड्डी, नाकात नुसतं भोक. ओळीत सगळ्यांना पेढे. ज्या बायकांनी आजवर त्याला काळी म्हटलं होतं त्या आता त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत होत्या. पोर बावरलं होतं. हात सारखा पाठीशी जायचा, वेण्या पुढे ओढायला, आणि तिथे काही नसायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई त्याला घेऊन माझ्या दारात आली. पहिल्यांदाच ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "भाऊ, आता काढा फोटू."

मी कॅमेरा काढला. पोर छाती काढून ताठ उभं राहिलं, स्टुडिओत राहतात तसं. मी काढला. फोटो बरा आला असावा. त्याला खेळायला पिटाळून ती तिथेच दाराशी घुटमळत राहिली.

"भाऊ, त्यातला एकांदा ऱ्हायला आसंल का?"

मला कळेना. "कशातला?"

"त्या पोरीचा."

"वहिनी, तुमच्यासमोर जाळले की सगळे."

"व्हय. पन तुमी शिकलेली मानसं. आमचं खुळं म्हनून एकांदा ठेवला आसंल, आसं वाटलं हुतं." ती उंबऱ्यावर बसली. "फसवलं आस्तं तर बरं झालं आस्तं."

मी शब्द पाळला याचा मला इतके महिने अभिमान वाटत होता. तो तिथल्या तिथे गेला.

"पोरगा जित्ता हाय," ती म्हणाली, "देवीचं उपकार. पन पाच वर्सं वेण्या घातल्या मी, परकर शिवलं. ती पोरगी कुटं गेली, सांगा मला. मी तर तिच्याकडं कदी बगितलंच न्हाई."

ती रडत नव्हती. मी म्हटलं, "वहिनी, मी बघितलंय. मी सांगतो." आणि मी सांगायला लागलो. भिंतीजवळचा तो एक सोडून सात फोटो होते, ते सातही मला पाठ होते. डब्यावर बसलेली. भुंग्याला निजवणारी. वेणी तोंडात धरून विचार करणारी. दारात मांजराशी बोलत असलेली, आडाच्या कठड्याला पाठ लावून एका पायावर उभी, परकराच्या ओच्यात खडे भरलेली, आणि एकात नुसतीच रस्त्याकडे बघणारी, बहुधा नदीवरून आईची वाट बघत. ऊन कुठून येत होतं, केस कुठे सुटले होते, कपाळावर आठी होती की नव्हती, सगळं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. एकेक झाला की म्हणायची, "हं, अजून."

सात झाल्यावर तिने विचारलं, "हसती का कुटं?"

सातांपैकी एकातही ती हसत नव्हती. आपल्याच नादात असलेलं पोर कशाला हसेल.

"हो तर," मी म्हटलं, "एकात हसतेय." आणि तो फोटो मी तिला सगळ्यात सावकाश सांगितला.